मुलतानी संपेपर्यंत

माझ्या मित्राच्या हृदयाचा जो भाग निकामी झाला, तो पानिपतला एका संगीत समारोहात झाला, आणि त्या वेळी माझा हात त्याच्या गुडघ्यावर होता. त्याने उठू नये म्हणून ठेवलेला. एवढं वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. आता ते लिहून झालंय, तर पुढचंही लिहून टाकतो.

आम्ही दोघं केंद्र सरकारच्या नोकरीत. मंत्रालयं वेगळी, पण राहायला द्वारकेतल्या एकाच सोसायटीत. तो मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, मी पुण्याचा. दिल्लीत आल्यावर असले फरक पुसले जातात म्हणतात. बाहेरच्यांच्या लेखी आम्ही दोघं ‘महाराष्ट्र वाले’ होतो, हे खरं. पण आमच्या दोघांत तो फरक शिल्लक होता, आणि तो मी जपून ठेवला होता.

माझ्या घरी शास्त्रीय गाणं ऐकण्याची पद्धत होती. मी गात नाही, वाजवत नाही, पण ऐकतो. आणि मला माझ्या ऐकण्याची घमेंड होती. त्याला मी ऐकायला शिकवलं. हे मी चारचौघांत, त्याच्यादेखत सांगायचो. तोही हसून म्हणायचा, “माझे कान यानेच टोचले.” सुरुवातीला त्याला विलंबितातलं काही कळायचं नाही. “हे गाणं सुरू कधी होणार?” असं त्याने एकदा कानात विचारलं होतं आणि मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. पुढे तो खरंच ऐकायला लागला. मला आता वाटतं, माझ्यापेक्षा चांगला. मी राग ओळखायचो, तो गप्प बसून डोळे मिटायचा. पण नियम माझे होते.

त्यातला सर्वांत कडक नियम म्हणजे मैफिलीतून मध्येच उठायचं नाही. गाणारा संथ लयीत ख्याल मांडत असताना श्रोत्याने जागचं हलायचं नाही. पाणी प्यायला नाही, फोन घ्यायला नाही, लघवीला तर नाहीच. उठायचंच असेल तर दोन चिजांच्या मधे. पुढच्या गादीवर बसलेल्या माणसाला तर तीही सूट नाही, कारण गाणारा त्याच्याच डोळ्यांत बघून गात असतो.

एकदा एका कॉलनीच्या हॉलमधल्या छोट्या बैठकीत त्याचा फोन खिशात थरथरला. गावाहून आईचा होता. तो वाकून, चप्पल न घालता बाहेर गेला. गवयाने एक क्षण वर पाहिलं, बस्स. परतीच्या मेट्रोत मी त्याला फैलावर घेतलं. “तुला काही वाटलं नाही? तो माणूस षड्जावर येत होता आणि तू पाठ फिरवलीस!” तेवढ्यावर मी थांबलो नाही. त्याचं नाव मी ‘उठ्या’ ठेवलं. कितीतरी दिवस चालवलं. सोसायटीच्या गेटवर, भाजीच्या गाडीपाशी, त्याच्या बायकोसमोर. “काय उठ्या, बसणार का थोडा वेळ?” तो हसायचा. त्याच्या आईचा तो फोन कशासाठी होता हे मी कधी विचारलं नाही.

त्या शनिवारी वहिनींकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, संध्याकाळी हळदीकुंकू होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत द्वारकेतल्या मराठी बायकांची ही धावपळ चालते. वहिनींनी वाण म्हणून द्यायला माहेराहून कापडी बटवे मागवले होते. ते खोकं त्यांच्या भावाने दिल्लीला कामासाठी येणाऱ्या एका साहेबांबरोबर पाठवलं होतं, आणि ते साहेब कस्तुरबा गांधी मार्गावर राज्याच्या अतिथिगृहात उतरले होते. खोकं आणायला आम्ही दोघं माझ्या गाडीने गेलो. मी उगाच सोबत गेलो. तिथे कॅन्टीनमध्ये चांगली मिसळ मिळते, हेच कारण.

खोकं मिळालं, गाडीच्या डिकीत ठेवलं. मिसळ खाताना त्याने अर्धी बाजूला सारली. “काल रात्रीपासून ॲसिडिटी आहे यार,” म्हणाला आणि खिशातून गोळी काढून चघळली. शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं जोरजोरात वाद घालत होती. तेवढ्यात माझ्या फोनवर एका ओळखीच्या रसिकाचा मेसेज आला. पानिपतला एक गिरणीमालक कुटुंब दर थंडीत आपल्या आवारात दोन-तीन दिवसांचा समारोह करतं. संध्याकाळनंतर धुकं पडतं म्हणून गाणं सगळं दिवसाउजेडी. त्या दुपारी एक ज्येष्ठ गायिका गाणार होत्या. आम्ही दोघं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. आधी त्यांचं नाव कार्यक्रमात नव्हतं, आयत्या वेळी ठरलं होतं.

“पानिपतला आज दुपारी बाई आहेत,” मी म्हणालो.

“आज?”

“आज. आत्ता निघालो तर सुरुवातीपासून मिळतील.”

“आणि वाण?”

“हळदीकुंकू संध्याकाळी ना? संध्याकाळपर्यंत परत.”

“अरे, परवानगी न घेता दिल्लीबाहेर? साहेबाला कळलं तर स्टेशन लीव्हचा मेमो देईल.”

“पानिपत एनसीआरमध्ये येतं.”

“वा! म्हणजे आता सदाशिवराव भाऊसुद्धा एनसीआरमध्येच गेले म्हणायचं.” तो हसला. “संक्रांतीच्या महिन्यात मराठी माणसाने पानिपतला जायचं... घरी काय सांगू?”

“साहेब अजून खोलीवर आले नाहीत, थांबलोय, असं सांग.”

त्याने फोन लावला आणि मी सांगितलं तसं शब्दशः सांगितलं. संध्याकाळपर्यंत परत येणं शक्य नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बहुतेक त्यालाही असेल. पण गाडी एकदा कर्नाल रोडला लागल्यावर आम्ही दोघं कॉलेजमधल्या पोरांसारखे झालो. दोघांच्याही आयुष्यात ठरवल्याशिवाय केलेली गोष्ट अशी क्वचितच होती. आमची सुट्टीसुद्धा अर्ज करून, मंजूर होऊन यायची. तो गुणगुणत होता, मी चुका काढत होतो. मुरथलला थांबलो. तिथले पराठे, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, “खा रे, गाण्यात भूक लागली तर उठशील.” त्याने खाल्ला.

गिरणीच्या आवारात हिरवळीवर मांडव घातला होता, आणि खाली त्यांनीच विणलेले गालिचे. पुढच्या बाजूला पांढऱ्या चादरींच्या गाद्या. आयोजकांपैकी एकाने मला ओळखलं आणि आम्हाला अगदी पुढे नेऊन बसवलं. उन्हं तिरपी होत होती. बाई आल्या, तानपुरे लागले, त्यांनी समोर पाहिलं आणि मला पाहून किंचित मान हलवली. वर्षभरापूर्वी दिल्लीत मी त्यांना योग्य जागी दाद दिली होती. ती त्यांच्या लक्षात राहिली असावी. त्या मान हलवण्याने मला किती बरं वाटलं, ते लिहायची आज लाज वाटते. पण पुढचं त्याच्यामुळेच झालं म्हणून लिहिलं पाहिजे.

बाईंनी मुलतानी सुरू केला.

गाणं कसं होतं ते मी सांगणार नाही. चांगलं होतं, एवढं पुरे. ख्याल हळूहळू उलगडत होता आणि बाई अजून खालच्याच सुरांत होत्या, तेव्हा त्याने माझ्या दंडाला कोपर लावलं. मी पाहिलं तर माघातल्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

“जरा बाहेर जाऊन येतो,” तो कुजबुजला. “छातीत कसंतरीच होतंय.”

“पराठा लागलाय,” मी म्हणालो.

“असेल. पण हाताला पण...”

बाई निषादाकडे सरकत होत्या आणि त्यांची नजर आमच्याच दिशेने होती. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “उठ्या,” मी म्हणालो, ओठ न हलवता. “हे होऊ दे.”

तो बसला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी बोलला नाही. नुसतं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. कळला होता. हाताला पण, म्हणजे काय, हेही कळलं होतं. आमच्या वयाच्या माणसाला ते कळतंच. मी हात काढला नाही आणि समोर बघत राहिलो. बाईंनी समेवर येऊन माझ्याकडे पाहिलं आणि मी “वाह” म्हटलं.

द्रुत लय आली, तराणा आला. टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा तो टाळ्या वाजवत नव्हता. तो माझ्या खांद्यावर कलला. पहिल्यांदा मला वाटलं, गाण्याने भारावून गेलाय. आपला शिष्य, असंही क्षणभर वाटलं.

लोकांनी उचलून गाडीत घातला. हॉस्पिटल फार लांब नव्हतं. तिथला डॉक्टर तरुण होता, ईसीजीची पट्टी हातात घेऊन त्याने मला विचारलं, “दर्द कब शुरू हुआ था?”

“बस, अभी अभी,” मी म्हणालो. “प्रोग्रॅम खतम हुआ तब.”

“उससे पहले कुछ नहीं? पसीना? हाथ में दर्द?”

“नहीं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि आत गेला. माझ्या उत्तराने उपचारात काही फरक पडला का, ते मला माहीत नाही. पुढे दिल्लीतल्या एका डॉक्टरांना मी आडून विचारलं, तर ते म्हणाले की पट्टीवरूनच अंदाज येतो, नातेवाईक काय सांगतात त्यावर कोणी विसंबत नाही. ते माझं समाधान करत होते की खरं सांगत होते कोण जाणे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हृदयाचा मोठा भाग गेला होता, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. लवकर आणलं असतं तर तो भाग वाचला असता, असंही.

वहिनींना मी फोन केला तेव्हा त्यांच्याकडे बायका जमायला लागल्या होत्या. मागून हसण्याचे आवाज येत होते. “अहो, कुठे आहात तुम्ही दोघं? इथे बायका आल्यात आणि वाणाचा पत्ता नाही!” त्या म्हणाल्या. मग मी सांगितलं. पानिपत हा शब्द त्यांना दोनदा सांगावा लागला.

माझी बायको त्यांना टॅक्सीने घेऊन आली. वहिनी तशाच आल्या होत्या, काळ्या चंद्रकळेत, केसांत गजरा. दवाखान्याच्या त्या बाकावर त्यांच्याकडे येणारे-जाणारे टक लावून बघत होते. आयसीयूच्या काचेतून त्यांनी त्याला पाहिलं, मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही शेजारी होतात ना, भाऊजी? त्यांना आधी काहीच होत नव्हतं?”

इथे मला गप्प बसता आलं असतं. ‘काही कळलं नाही’ म्हणता आलं असतं. तेही खोटंच, पण त्याने कोणाचं वाईट झालं नसतं. मी म्हणालो, “होत होतं थोडं. मी म्हटलं होतं त्याला, चल बाहेर जाऊ. ऐकलं नाही त्याने. म्हणाला, मुलतानी संपू दे.”

हे वाक्य कुठून आलं मला ठाऊक नाही. माझ्याकडून इतक्या सहज आलं की जणू तो खरंच तसं बोलला होता. वहिनींनी डोळे मिटले. “हट्टी माणूस,” एवढंच म्हणाल्या.

तो शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा आत त्या गेल्या. दार पुरतं लागलं नव्हतं. मला ऐकू आलं. “भाऊजी उठा म्हणत होते तर उठवलं नाही का तुम्हाला? मुलतानी संपायला हवा होता?” मी बाहेर भिंतीला टेकून उभा होतो. तो आता बोलेल, असं मला वाटलं; आणि मला माणूस म्हणून स्वतःबद्दल जे काही कळायचं होतं ते त्या वेळात कळलं, कारण तो बोलू नये अशी मी मनात प्रार्थना करत होतो. मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक. “चुकलं माझं.”

नंतर मी आत गेलो. त्याने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. “बाई काय गायल्या रे,” म्हणाला.

त्यानंतर बरीच वर्षं तो जगला, पण अर्धा. जिना बंद झाला, मेट्रो बंद झाली, नोकरी कशीबशी मुदतीपर्यंत ओढली. पाय सुजायचे. रात्री आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशा रचून बसून झोपायचा. वहिनींनी त्याचं सगळं केलं. मीठ मोजून, पाणी मोजून, औषधं हातावर ठेवून. आणि बोलल्या. रोज बोलल्या. वाईट बाई नव्हत्या, धसका घेतलेल्या होत्या. तो धसका असा शब्दांतून बाहेर पडायचा. “पानिपतला गेले आणि घराचं पानिपत करून आले.” “बायकोसाठी कधी घटकाभर बसले नाहीत, मुलतानीसाठी मात्र जागचे हलले नाहीत.” तो ऐकून घ्यायचा. घरात गाणं लावायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याने विरोध केला नाही. त्याचा मोठा स्पीकर त्यांनी कोणाला तरी देऊन टाकला.

मी आठवड्यातून एकदा तरी जायचो. सोसायटीचं पाणी, फ्लॅटचे भाव, पे कमिशन असल्या विषयांवर बोलायचो. वहिनी मला मान द्यायच्या. पुरणपोळी केली की पहिली ताटली आमच्याकडे. “भाऊजी होते म्हणून हे हाती लागले,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यांची मुलगी दिल्लीतच वाढलेली. एकदा लिफ्टमध्ये तिने मला विचारलं, “काका, आई बाबांना सारखं हट्टी म्हणते. हट्टी म्हणजे जिद्दी ना? पण बाबा तर कशालाच नाही म्हणत नाहीत.” मी म्हणालो, “हो, जिद्दी.” लिफ्ट उघडली आणि मी बाहेर पडलो. तो माझा मजला नव्हता.

मग एका रविवारी सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या कोणीतरी बैठकीचं निमंत्रण आणून दिलं. सोसायटीच्याच क्लब हाऊसमध्ये, एका तरुण मुलाचं गाणं. मी तिथेच पोहे खात बसलो होतो. त्याने ते निमंत्रण हातात धरून ठेवलं, जरा जास्तच वेळ. म्हणाला, “खालीच आहे. खुर्चीवर मागे बसेन.”

“काही नको,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “पुन्हा उठायचे नाहीत तुम्ही.”

“हा असेल ना बरोबर.”

“भाऊजी तेव्हाही होते बरोबर. ऐकलंत त्यांचं? तुम्ही कुठे ऐकता कोणाचं!”

“वहिनी,” मी म्हणालो. “त्याने ऐकलं होतं माझं.” माझा आवाज मला ओळखू आला नाही. “तो उठत होता. मी त्याला बसवलं. गुडघ्यावर हात ठेवून बसवलं. तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं.”

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि हसला.

“काहीतरीच काय बोलतोस! दुखत मला होतं की तुला? तू म्हणत होतास चल बाहेर जाऊ. मीच म्हटलं, मुलतानी संपू दे.”

माझंच वाक्य. शब्दाचाही फरक नाही.

“बघा,” वहिनी त्याला म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “इतक्या वर्षांनीसुद्धा दोष स्वतःच्या अंगावर घेतायत भाऊजी. मित्र असावा तर असा. नाहीतर तुम्ही!” आणि त्यांनी माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. मी ते खाल्ले. दुसरं काय करणार होतो?

नंतर मी त्याला खाली बागेत बाकापर्यंत घेऊन गेलो. तो चार पावलं चालायचा, थांबायचा. आमच्या डोक्यावरून विमानं उतरत असतात. द्वारकेत बोलताना वाक्य अर्धं सोडून थांबायची सगळ्यांना सवय आहे.

“मोकळं व्हायचं होतं का तुला?” त्याने विचारलं.

“खरं आहे ते.”

“खरं आहे हे मला सांगतोस? गुडघा माझा होता.” तो श्वास घ्यायला थांबला. “हे बघ. ती रागावलेली आहे म्हणून उभी आहे. रागावते, औषध देते. रागावते, पाय चेपते. उद्या तिला पटलं की माझा दोष नव्हता, तर इतकी वर्षं बोलली त्याचं ती काय करेल? कुठे ठेवेल ते?”

एक विमान आलं. ते उतरेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या कुंड्यांकडे बघत बसलो.

“तुला माझा राग नाही आला?” मी विचारलं.

“आला ना. कोण म्हणतं नाही आला? बिल्कुल आला.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “तिला वाटतं तिने बंद केलं म्हणून मी गाणं ऐकत नाही. तसं नाही रे. एकदा ती बाजारात गेली होती तेव्हा मोबाईलवर लावून पाहिलं. तानपुरे सुरू झाले आणि मला तुझा हातच आठवला. बंद केलं.”

“मग बैठकीला कशाला जायचं म्हणत होतास?”

“चारचौघांत बसून जमतंय का बघायचं होतं.” जरा वेळाने म्हणाला, “तिला पुन्हा सांगू नकोस. एवढं कर.”

मी कबूल केलं. त्या बैठकीला आम्ही दोघंही गेलो नाही. गाणं त्याच्या घरापर्यंत ऐकू येत असणार, खिडक्या उघड्या असतील तर.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. वहिनी सगळं आवरून मुलीकडे पुण्याला गेल्या. जाताना माझ्या पाया पडायला लागल्या, मी मागे सरलो. स्टेशनवर त्या शेवटपर्यंत त्याच्यावर चिडलेल्याच होत्या. “ऐकलं असतं तर आज असते,” म्हणाल्या. मी बॅगा बर्थखाली सरकवत राहिलो.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं, पुण्यातली थंडी, नातवाची शाळा. मग म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? तुम्ही एकदा म्हणाला होतात, पोहे खाताना. तुम्हीच त्यांना बसवलं म्हणून. तेव्हा मला वाटलं, यांना वाचवायला बोलताय. पण आता एकटी असते ना, तर सारखं डोक्यात येतं. माणूस कधी माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. त्याच दिवशी तेवढा हट्टी कसा झाला?”

मी त्याला दिलेला शब्द मला आठवत होता. तो शब्द पाळायचा तर पुन्हा तेच खोटं बोलायला हवं होतं, त्याच बाईशी, आणि आता माझं खरं खोटं ठरवायला तोही नव्हता. मी म्हणालो, “खरं होतं ते, वहिनी.”

मग त्यांनी विचारलं, “किती जोरात?”

“काय?”

“हात ठेवलात ना गुडघ्यावर. किती जोरात धरला होतात?”

मी आठवून पाहिलं. खरं सांगायचं असं आता ठरलंच होतं. “जोरात नाही,” मी म्हणालो. “नुसता ठेवला होता.”

“नुसता?”

“हो.”

“म्हणजे उठता आलं असतं त्यांना.”

त्या लहान मुलीसारख्या वाट बघत होत्या. नाही, असं म्हणणं माझं काम होतं. मी त्याला कितीतरी दिवस उठ्या म्हणत होतो, त्या हाताला जोर लावायची गरजच नव्हती, हे त्यांना समजावणं माझं काम होतं. पण मग त्याने बाकावर विचारलेलं तेही होतं. ती ते कुठे ठेवेल?

“आलं असतं,” मी म्हणालो.

“मग उठायला नको होतं का?” त्या म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज चढला. “नुसता हात ठेवला मित्राने आणि बसून राहिले? स्वतःच्या जिवापेक्षा...” त्या बोलत राहिल्या, पूर्वीसारख्याच, मीठ, पाणी, मुलगी, पानिपत, सगळं. मधेच रडल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या. मला एक शब्दही बोलल्या नाहीत. मी फोन कानाशी धरून ते सगळं ऐकलं.